ओला शर्ट कशात ठेवायचा?

हा शर्ट बघा. डेमोसाठी रंग लावलाय, पण समजा हे रक्त आहे आणि अजून ओलं आहे. कशात ठेवाल? बहुतेक मुलं पटकन प्लॅस्टिकची पिशवी म्हणतात आणि तिथंच चुकतात, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. म्हणून आधी सावलीत वाळवायचा, मग कागदी पिशवी, लेबल, पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. फॉरेन्सिकचा, म्हणजे गुन्ह्याचे पुरावे विज्ञानानं तपासण्याचा, खरा धडा हा आहे, मायक्रोस्कोप नंतर येतो.

त्र्यंबक रोडची पोलीस अकादमी सगळ्यांना माहितीय. पण आपल्या नाशकात सरकारी फॉरेन्सिक लॅबपण आहे हे कॉलेज रोडवरच्या किती पोरांना ठाऊक असतं? अशा लॅबच्या रिपोर्टला पोलीस अजूनही सीए रिपोर्ट म्हणतात, सीए म्हणजे केमिकल अनालायझर. विषबाधेची केस असेल तर व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या दाट पाण्यात सील होऊन तपासणीला जातो. आपला द्राक्षांचा पट्टा, घरात फवारणीची औषधं असतातच, त्यातलं नेमकं कुठलं पोटात गेलं हे केमिस्ट्रीच सांगते. एफवायला परीक्षेपुरती पाठ केलेली ती क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत, इथं रोज लागते बरं का!

आता या कामासाठीचं शिक्षण. बारावी सायन्स तर हवंच. मग मुंबई, नागपूर किंवा संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिक सायन्स) संस्थेत बीएस्सी, नाहीतर साधी केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन पुढे एमएस्सी. गांधीनगरचं राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठपण आहे, 2020 च्या कायद्याने झालेलं. कॉम्प्युटरवाल्यांना सायबर फॉरेन्सिक. आणि पोस्टमॉर्टेम करायचंय? तर तो रस्ताच वेगळा, आधी एमबीबीएस. माझं कळकळीचं सांगणं एकच, खासगी कोर्सला लाखभर भरण्याआधी सरकारी भरतीच्या जुन्या जाहिराती काढून बघा, कुठली डिग्री मागतात ते.

माणसं लागणारच आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं गुन्ह्याच्या जागेवर जायचं असं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलीय.

आणि हा शर्ट? केस कोर्टात उभी राहते तेव्हा आरोपीचा वकील आधी विचारतो, सील शाबूत होतं का, पिशवी कोणाच्या ताब्यात होती, किती वाजता दिली. म्हणून लेबलवर तारखेसोबत वेळपण लिहायची.