आठ दिवसांचा मुळा

[दृश्य : जळगावातलं घर, हिवाळ्याची सकाळ. खिडकीत पसरट डबा, त्यात दाट हिरवी रोपं.]

मिठाईचा रिकामा प्लास्टिकचा डबा. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी २०. यात मुळा आहे, पण हा उपटायचा नाही, वरचा कोवळा कोंब कापून खायचा. पेरणी होऊन आज आठवा दिवस.

मोड आलेली मटकी आपण मुळासकट खातो. इथे मुळं डब्यातच राहतात. दोन बीजपत्रं, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पानं, उघडली की, खरी पानं फुटायच्या आत, कात्री चालवायची. हे मायक्रोग्रीन्स. अमेरिकेत २०१२ साली २५ प्रकार तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत क, ई, के ही जीवनसत्त्वं मोठ्या पानांपेक्षा जास्त आढळली. पण ताटात पडते मूठभर, तेव्हा औषध म्हणून नको, चवीसाठी लावा.

[दृश्य : तळहातावर दोन प्रकारचं बी, एक तपकिरी, एक गुलाबी.]

हे गुलाबी बी बाजूला ठेवा. पेरणीच्या पाकिटातल्या बियांना बरेचदा थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणून रंग दिलेला असतो. आठ दिवसांत खायच्या पिकाला असं बी चालत नाही, धुतलं तरी नाही. कृषी सेवा केंद्रात प्रक्रिया न केलेलं बी मागून घ्या. मोहरी आणि मेथी किराणा दुकानातली चालते. फक्त जुना माल उगवत नाही, म्हणून आधी ओल्या फडक्यात ५० दाणे बांधून बघा. चाळीसपेक्षा कमी उगवले तर ती मोहरी फोडणीलाच बरी.

खान्देशात घरोघरी ज्वारी, त्यामुळे हात तिच्याकडे जातो. ज्वारी अजिबात पेरू नका. तिच्या कोवळ्या कोंबात धुरीन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाहीत ती याच कारणाने. टोमॅटो, वांगं, राजमा यांचे कोंबही नकोत.

[दृश्य : तापवलेल्या खिळ्याने डब्याच्या तळाला भोकं.]

तळाला १५-२० भोकं. हा डबा दुसऱ्या, बिनभोकाच्या डब्यात बसवायचा. आत अडीच सेंटिमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन-तीनदा धुतलेलं, कारण त्यात मीठ असतं. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

एवढ्या डब्याला मुळ्याचं बी १५ ग्रॅम, मेथी १५ ते २०, मोहरी ८. काटा नसेल तर डोळ्यांनी बघा : दाण्याला दाणा लागलेला, पण दाण्यावर दाणा चढलेला नाही. मुळा चार तास भिजवा, मेथी आठ तास, आणि मेथीचा चिकटपणा धुऊन टाका. मोहरी भिजवू नका, ती बुळबुळीत होऊन गठ्ठ्याने पडते. कोरडीच भुरभुरा आणि वरून पाणी फवारा.

[दृश्य : बियांवर रिकामा डबा, त्यावर किलोभर डाळीची पिशवी.]

दाबून ठेवलेल्या बियांची मुळं वर न उचलता खाली घुसतात, टरफलंही सुटतात. तीन दिवस अंधार. उघडल्यावर रोपं पिवळी दिसतील. घाबरू नका, उजेडात दिवसभरात हिरवी होतात. खिडकीचा उजेड पुरे, दुपारचं ऊन नको.

आता पाणी वरून घालायचं नाही. खालच्या डब्यात अर्धा सेंटिमीटर पाणी ओता, दहा मिनिटांनी उरलेलं काढून टाका. बोअरचं जड पाणी असेल तर कोकोपीटवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. मग आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी वापरा.

[दृश्य : मुळांजवळचा पांढरा लोकर, अगदी जवळून.]

इथे बरेच जण अख्खा डबा फेकून देतात. हा पांढरा लोकर मुळाभोवतीच आहे, आणि पाणी फवारलं की चिकटून दिसेनासा होतो. ही मुळांची केसं, बुरशी नव्हे. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, कुबट वास येतो, रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. तसं झालं तर मात्र डबा रिकामा करा, वरचं चांगलं काढून खाऊ नका. कारणं जवळपास नेहमी तीच : दाट पेर, साचलेलं पाणी, कोंदट हवा.

यात खान्देशचा उन्हाळा भर घालतो. रोपांना २० ते २५ अंश मानवतात, आणि मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो. कूलरच्या खोलीत गारवा मिळतो, पण दमटपणाही मिळतो, म्हणजे बुरशीची सोयच. एप्रिल-मेमध्ये सुट्टी द्या. पावसाळ्यात बी पाऊणपट पेरा. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीच्या लाटेत पारा दहाखाली गेला तर दोन दिवस जास्त लागतात, एवढंच.

[दृश्य : काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, भरिताचं पातेलं.]

भरिताचाही हाच हंगाम. कांद्याच्या पातीच्या जोडीला मुळ्याचे कोंब घाला, पण पातेलं उतरल्यावर. शिजले की तिखटपणा जातो. सकाळी, बुडापासून एक सेंटिमीटर वर कापा. न धुता, कोरडे, डब्यात कागद घालून फ्रिजमध्ये पाच दिवस राहतात. धुवायचे ते खाताना.

कापलेला मुळा पुन्हा फुटत नाही. कोकोपीट मुळांसकट कुंडीत टाका, त्यातच दुसरी पेर घेऊ नका. डबा साबणाने घासा आणि मग दिवसभर उन्हात पालथा ठेवा.