चातुर्मासात काय सोडणार?

आषाढी आठ दिवसांवर आली आहे, म्हणून आज नेमाबद्दल बोलते.

माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पंगत कसलीही असो, "एक तुकडा घ्या हो" असा आग्रह त्यांना कधी कुणी केला नाही. माळ दिसली की वाढपी पुढे सरकायचा. मी मात्र "डाएटवर आहे" म्हटलं की लगेच, "अगं, एका जिलबीने काय होतंय!" वर्षानुवर्षं मी त्या एका जिलबीपुढे हरत आले. वजन ७८ किलो झालं, जिना चढताना गुडघे धरायला लागले. डॉक्टरांनी टेप लावून सांगितलं, आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझी ९६ भरली.

त्या आषाढीला मी विठ्ठलासमोर नेम धरला. कार्तिकीपर्यंत गोड नाही, बिस्किट नाही, बाहेरचं तळलेलं नाही. आपल्या आज्या चातुर्मासात वांगं सोडायच्या, कांदा-लसूण सोडायच्या. मला वांग्याचा मोह कधीच नव्हता. माझा जीव चार वाजता ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या बिस्किटांच्या पुड्यात अडकलेला असायचा. देवाला द्यायचं तर तेच द्यायला हवं होतं.

आता ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी साडेसातला उभ्या राहा. लोकलमधून उभ्याने आलोय, पोट रिकामं, आणि समोर कढईतून वडे निघतायत, पावाला लसणीची चटणी लागतेय. दिवसभर स्वतःला आवरून आवरून तोवर मन थकलेलं असतं. पण नेम असला की "घेऊ की नको" हा वाद आषाढीलाच मिटलेला असतो. मी मनात नाम सुरू करायची आणि गोखले रोडची वाट धरायची. शंभर पावलांत वास मागे पडायचा. पर्समध्ये भाजक्या चण्यांची पुडी असायचीच. उपाशी पोटी नेम टिकत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

एकादशीचंही सांगते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपण हसून म्हणतो, पण १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. त्यावर तूप, बटाटा, शिवाय दुसरी वाटी. मी आता एक वाटी भगर, ताक आणि एखादं फळ घेते. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, हात जोडून सांगते.

नेम माझाही मोडला. गणपतीत माहेरी तीन मोदक खाल्ले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी निर्जळी करायला निघाले तर आईने हातात भाकरी ठेवली. म्हणाली, "देव काय वही घेऊन बसलाय? खा, आणि आजपासून पुन्हा धर." कार्तिकीपर्यंत पाच किलो उतरले. नेम पुढेही चालू ठेवला, तेव्हा वर्षभराने काटा ६९ वर आला.

मघाशी एका ताईंनी विचारलं, प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हणूच नका. कोपिनेश्वराच्या देवळात माझ्या सासूबाई हातावरच्या पेढ्याचा चिमटीएवढा कण मोडायच्या, कपाळाला लावून तोंडात टाकायच्या. उरलेला पेढा पदराच्या टोकाला बांधून घरी आणायच्या, सगळ्यांना वाटायला.