मिशी पक्की बसली पाहिजे

लातूरच्या ट्यूशन एरियातली ही भाड्याची खोली. इथं काही पोरी रंगमंचासाठी पुरुषाचा वेश चढवतात. खिडकीशी टेकवलेला आरसा, पुढ्यात स्पिरिट गमची, म्हणजे मिशी चिकटवायच्या डिंकाची बाटली, क्रेपचे नकली केस, कात्री. आधी वरच्या ओठाला गम लावायचा, तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं, मग केसांच्या बारीक बटा कडेकडून मध्याकडे बसवत यायचं. घाई केली तर पहिल्याच हसण्यात मिशी सुटते. जबड्याच्या कडेनं गडद रेघ ओढून ती बोटानं विरवली की चेहरा चौकोनी दिसतो. छातीला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा. इलॅस्टिक बँडेज आवळून बांधायचं नाही, बरगड्यांना इजा होते. नव्या पोरींना हे सगळ्यात आधी सांगतात.

पुरुषाचं सोंग घेऊन रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या अशा कलाकारांना ड्रॅग किंग म्हणतात. यात कोणी ट्रान्स पुरुष असतं, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेलं पण स्वतःला पुरुष मानणारं, कोणी लेस्बियन, कोणी यातलं काहीच नसतं. नुसत्या मिशीवरून ते ठरत नाही.

चाल मात्र आरशासमोर सापडत नाही. ती एसटी स्टँडवरून, हॉटेलच्या बाकड्यावरून, पारावरून उचलावी लागते. माणसं गुडघे किती फाकवून बसतात, तंबाखू मळताना बोलणं कसं चालूच ठेवतात, समोरून बाई आली तरी जागचं कसं हलत नाहीत. डायन टॉर ही कलाकार न्यूयॉर्कमध्ये १९९०च्या सुमारास बायकांना कार्यशाळांमधून हेच शिकवायची: बसणं, चालणं, जागा अडवणं.

अमेरिकेतच १९५०-६०च्या दशकांत ज्युवेल बॉक्स रिव्ह्यू नावाचा फिरता खेळ होता. बायकांच्या वेशातले २५ पुरुष आणि सुटाबुटातली एकच बाई, स्टॉर्मे डेलार्व्हेरी. सूत्रसंचालन तिचं. यातली बाई कोणती, हे प्रेक्षकांनी ओळखायचं!

आपल्याकडे पुरुषानं बाई होण्याचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्यांचं. पैठणच्या एकनाथांनी बाईच्या तोंडी भारुडं घातली, तमाशात नाच्या आला, बालगंधर्वांचं नेसणं बघून बायका नेसायला लागल्या. बाईची मिशी मात्र आपण शिवजयंतीपुरती मान्य केली. फेटा बांधून पोरगी घोड्यावर बसली की अख्खी गल्ली फोटो काढते. तीच पोरगी शेजारचा संशयी नवरा उभा करायला लागली, बहिणीची पाठवणी करताना रडणारा भाऊ उभा करायला लागली, की घरात चौकशी सुरू होते. मला हे पटत नाही. राजा चालतो, तर आपल्या गल्लीतला माणूस का चालू नये?

सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ला समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या बाहेर काढलं. तरी प्रयोगासाठी इथून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुणं-मुंबई गाठावी लागते, मिशा डब्यात घालून. इथं आहे ती आपापसातली सोय: कोणाच्या खोलीवर तालीम, कोणाच्या घरी काय सांगायचं, गमची बाटली या आठवड्यात कोणाकडे.

खोलीवरच्या या पोरींतल्या एकीला आता बैलबाजारातला दलाल करायचाय, रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरवणारा. त्यासाठी ती हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जाणार आहे. तिला तिथले हात बघायचेत.