अष्टमीचा चंद्र

गोदाघाटावर दिवे लागलेत. रामकुंडावर नेहमीची गर्दी आहे आणि जवळजवळ डोक्यावर शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र.

दुर्बीण पंचवटीतल्या एका गच्चीवर लावली आहे. अंधुक तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायू-धुळीचे ढग, पाहायचे तर शहराबाहेर अंधार शोधत जावं लागतं. चंद्राला रस्त्यावरच्या दिव्यांनी काही फरक पडत नाही.

उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेकडे बघा. तिथे आत्ता सूर्य उगवतोय. ऊन इतकं आडवं पडतं की छोट्या उंचवट्याचीही लांबच लांब सावली होते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे सावली काळी म्हणजे काळीच.

रेषेपलीकडच्या अंधारात हे सुटे ठिपके दिसले? ती चंद्रावरच्या अपेनाइन पर्वतरांगेची शिखरं. पायथ्याशी रात्र, माथ्यावर ऊन. पहाटे ब्रह्मगिरीवर दिसतं तसंच. 1609 च्या सुमारास गॅलिलिओने असेच ठिपके पाहिले आणि ते रेषेपासून किती लांब आहेत, यावरून चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढली. घरबसल्या!

ही दुसऱ्या रात्रीची, नवमीची दृश्यं. मधली काळी रेघ म्हणजे 'सरळ भिंत'. लांबी सुमारे 110 किलोमीटर, उंची मात्र जेमतेम 300 मीटर. एवढ्याशा उंचीची इतकी ठळक रेघ कशी? सूर्य क्षितिजाच्या एकच अंश वर असेल, तर 300 मीटरच्या कड्याची सावली सपाट जमिनीवर 17 किलोमीटर पसरते. दोन तासांत सूर्य आणखी अंशभर चढतो आणि सावली निम्म्यावर येते. खरं तर ही भिंतही नव्हे, साधा उतार आहे.

आणि हा कोजागिरीचा. मसाला दूध घेऊन सगळं नाशिक गच्चीवर येतं ते नेमकं याच रात्री, आणि दुर्बिणीला सगळ्यात निरस चंद्रही हाच. ऊन आपल्या पाठीमागून पडतं, सावल्या डोंगरांच्या आड जातात, सगळं सपाट. टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे आज खुलतात, हे मान्य.

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं, तेही तिथल्या सकाळीच. सौर पॅनेलना चंद्रावरचा अख्खा दिवस मिळावा म्हणून.

मोठी दुर्बीण हवीच असं नाही. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला नेता, ती चालेल. कोपरं कठड्यावर टेकवा, नाहीतर शिखरांचे ठिपके थरथरतात. आणि जेवणं उरकून बघू म्हणू नका. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो.