ताजमध्ये एक रात्र: खोलीच्या भाड्याशिवाय जे कोणी सांगत नाही ते

नमस्कार मंडळी! मागे गेटवेवर व्हिडिओ टाकला होता. त्याच्याखाली गेटवेबद्दल कोणी फारसं विचारलंच नाही, सगळ्यांचे डोळे मागच्या इमारतीवर. "ताई, ताजमध्ये एक रात्र राहायला किती लागतात?" "आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, त्यांना न्यायचंय, बुकिंग कसं करू?" आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "आपल्याला आत सोडतात का?"

सोडतात हो. मुंबईत जन्म गेलेली माणसं हे विचारतात याचं मला नवल वाटतं. दारात बॅग मशीनमधून जाते, तुम्ही मेटल डिटेक्टरमधून जाता, की झालात आत. २००८ नंतर मुंबईतल्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत हेच आहे. रेस्टॉरंटमध्ये जायचं असेल तर बाथरूमच्या स्लिपरा आणि हाफ पँट घरी ठेवा. साडी, सलवार-कमीज, साधी इस्त्रीची पँट-शर्ट, सगळं चालतं. पुढे.

बुकिंग. वेबसाइटवर करा नाहीतर फोनवर. दर रोज बदलतो, त्यामुळे मी आज सांगितलेला आकडा तुम्ही व्हिडिओ बघाल तेव्हा शिळा झालेला असेल. डिसेंबरात महाग, पावसाळ्यात त्या मानाने बरा. खोलीत जितकी मोठी माणसं राहणार तितक्यांची ओळखपत्रं न्या, पत्ता असलेली. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते चालत नाही. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट बाराला. हे सगळं तुम्हाला माहीत असतंच.

आता जरा थांबा. बुकिंग करताना खोलीचं नाव नीट वाचा. पॅलेस की टॉवर? घुमटवाली, जुनी, दगडी, जिच्यासमोर आपण शाळेच्या सहलीत फोटो काढला, ती पॅलेस विंग. ती १६ डिसेंबर १९०३ ला उघडली. बाजूला उभी उंच इमारत आहे ती टॉवर, १९७३ ची. तिथे आधी ग्रीन्स हॉटेल होतं, ते पाडून ही बांधली. हॉटेल एकच, लॉबी एकच, पण खोलीत शिरल्यावरचा अनुभव दोन वेगळ्या शतकांतला. कितीतरी जणांनी मला लिहिलंय की ताज बुक केलं आणि खोली "साध्या फाइव्ह स्टारसारखीच" निघाली. अहो, तुम्ही टॉवर घेतलात! टॉवर वाईट नाही. वरच्या मजल्यावरून समुद्र जास्त पसरलेला दिसतो. पण तुम्हाला ते रुंद कॉरिडॉर, तो मधला लोखंडी कठड्याचा जिना, ती लाकूडकामाची ऐट हवी असेल, तर पॅलेस विंगच. माझं मत विचाराल तर टॉवरमधल्या सी व्ह्यूपेक्षा पॅलेसमधला सिटी व्ह्यू मी कधीही घेईन. समुद्र काय, खाली उतरलं की फुकट आहे.

सासूबाईंना मात्र हे माझं मत अजिबात मान्य नाही. त्या मूळच्या किहीमच्या. समुद्राकडची खिडकी मिळाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "ही मांडव्याची. ही घारापुरीची. ही बघ, ही उशिरा सुटली." मी त्यांना म्हटलं, आई, चला, राहणाऱ्या पाहुण्यांना हॉटेलचा इतिहास सांगत फिरवतात, जाऊ या. तर म्हणाल्या, "तू ये जाऊन. मला बोटी बघू दे." आयुष्यभर लाँचमधून ही इमारत बघितलेली बाई, तिला आतून काय बघायचंय हे मी कोण ठरवणार! तुम्ही मात्र त्या हेरिटेज वॉकची वेळ चेक-इन करतानाच विचारून ठेवा.

इतिहास निघालाच आहे तर माझा राग काढून घेते. माझ्या प्रत्येक दक्षिण मुंबईच्या व्हिडिओखाली एक कमेंट ठरलेली: "ताजचं तोंड चुकून उलटं बांधलं, इंग्रज आर्किटेक्ट विलायतेहून परत आला, त्याने बघितलं आणि वरून उडी मारली." परवा तर एकाने हे मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट करून पाठवलं, मागे करुण संगीत लावून. मंडळी, असं काहीही झालेलं नाही. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य गेल्यानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं. आणि दार शहराच्या बाजूला होतं ते मुद्दाम, घोडागाड्या तिकडून यायच्या म्हणून. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, ती पूर्वीची पुढची बाजू. "पण गेटवेकडे पाठ कशी केली?" म्हणून भांडू नका. १९०३ साली गेटवे नव्हतंच! पंचम जॉर्ज १९११ ला आले, पायाभरणी १९१३ ला झाली, आणि गेटवे पूर्ण झालं १९२४ ला. हॉटेल एकवीस वर्षांनी मोठं आहे. एका मराठी माणसाने काढलेला नकाशा आपणच एका बिनबुडाच्या इंग्रजाच्या नावावर करतो आणि वर त्याला जीव द्यायला लावतो, याचा मला खरंच संताप येतो. खऱ्या गोष्टी काय कमी आहेत? पहिल्या महायुद्धात या हॉटेलात ६०० खाटांचं इस्पितळ होतं. २६/११ नंतर टॉवर त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झाला, आणि जळलेली पॅलेस विंग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. हे पाठवा की व्हॉइस नोट करून.

असो. आता पैसे. आणि पैशात सगळ्यात घोळ जिथे होतो ती गोष्ट: होल्ड. डिपॉझिट म्हणा, प्री-ऑथ म्हणा. ही फक्त ताजची गोष्ट नाही, मोठ्या हॉटेलांत सगळीकडे आहे. चेक-इनच्या वेळी काउंटरवर कार्ड मागतात. तुम्ही म्हणता, "मी तर पैसे आधीच भरलेत." बरोबर, खोलीचे भरलेत. पण तुम्ही रात्री जेवण मागवाल, कपडे धुवायला द्याल, फ्रिजमधलं काही उघडाल, त्यासाठी ते कार्डावर एक रक्कम अडवून ठेवतात. ती कापलेली नसते, नुसती अडवलेली असते. क्रेडिट कार्ड असेल तर तुमची मर्यादा तेवढी कमी होते, खात्यातून एक रुपया जात नाही. निघताना खरा खर्च जितका झाला तितकाच घेतात, बाकी सुटतं.

आणि डेबिट कार्ड दिलंत तर? तर खात्यातले खरेखुरे पैसे अडकतात. माझ्या मावसभावाने दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या हॉटेलात, पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड दिलं. तीन रात्री. हॉटेलने नियमाप्रमाणेच केलं, पण सोडलेला होल्ड बँकेतून खात्यात दिसायला काही दिवस गेले, आणि मधेच त्याचा घराचा हप्ता आला. हप्ता परतला. बँकेचा दंड, बायकोचा फोन, आणि ट्रिपचे फोटो आजतागायत कुटुंबाच्या ग्रुपवर आलेले नाहीत. म्हणून सांगते, क्रेडिट कार्ड न्या. नसेल तर आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून विचारा, होल्ड किती आणि रोख चालेल का.

मग बिल. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो त्याच्याखाली बारीक अक्षरात "अधिक कर" असतं. रोजचं भाडं ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. म्हणजे समजा २५,००० ची खोली असेल, तर ४,५०० वर, एकूण २९,५००. हॉटेलातल्या रेस्टॉरंटचंही तसंच. तुमच्या नाक्यावरच्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के लागतो, एवढ्या महाग खोल्या असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८.

"ताई, पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त लावली, ग्राहक मंचात जाऊ का?" नका जाऊ. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, सेवाही घेता, त्यामुळे तिथे छापील किमतीचं बंधन नाही. सर्व्हिस चार्जचं उलट आहे. तो सक्तीने लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हेच म्हटलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. आवाज चढवू नका, समोरचा वेटर नियम बनवत नाही.

आता परत होल्ड. हो, परत. कारण मागच्या वेळी मी हे शॉर्टमध्ये सांगितलं आणि लोकांनी अर्धंच ऐकलं. चेक-इनला होल्ड केलं एका कार्डावर. निघताना तुम्ही म्हणालात, "यूपीआय करतो." काउंटरवरच्या मुलीने क्यूआर दिला, तुम्ही पैसे भरले. झालं? नाही झालं! कार्डावरचा जुना होल्ड तसाच बसलाय. आता बिल एकदा खात्यातून गेलं आणि तेवढीच रक्कम कार्डावरही अडकली. म्हणून एकतर ज्या कार्डावर होल्ड आहे त्यातूनच बिल भरा, नाहीतर काउंटरवर स्पष्ट म्हणा, "पहिल्या कार्डावरचा होल्ड रिलीज करा," आणि केल्याचा कागद किंवा ईमेल घेऊन मगच टॅक्सी बोलवा. आईबाबांना भेट म्हणून पाठवताय ना, त्यांच्यासाठीही हेच. तुम्ही ठाण्यात बसून खोलीचे पैसे भरलेत, पण काउंटरवर कार्ड बाबांचं मागतील. बाबांनी पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड काढलं की संपलं. आधी हॉटेलशी बोला, जेवणखाण सगळं माझ्या कार्डावर टाका म्हणून लेखी कळवा, ते फॉर्म पाठवतात.

एका दादांनी लिहिलंय, "एवढ्या पैशात चार वेळा कोकण होतं." होतं की! मग कोकणात जा. मी कुठे अडवलंय? पण दरवेळी कोणी काही महाग केलं की कोकणाचा हिशेब मांडायचा, ही आपली जुनी खोड आहे.

राहायचं नसेल आणि तरी ती इमारत आतून अनुभवायची असेल तर सी लाउंजमध्ये चहाला जा. पॅलेस विंगचा पहिला मजला, खिडकीतून समोर गेटवे आणि बोटी. आपल्याकडे मुलगी बघायला कांदेपोहे, तसं दक्षिण मुंबईतल्या कितीतरी घरांचं बघणं याच टेबलांवर झालंय. खिडकीचं टेबल हवं असेल तर आधी फोन करा, शनिवार-रविवारी ऐन वेळी मिळणं कठीण. लोकलने याल तर चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून टॅक्सी करा, मेट्रोने याल तर हुतात्मा चौकला उतरून रमतगमत चालत या.

शूटिंगचं बरेच जण विचारतात. फोनवर घरचे फोटो काढा, कोणी काही म्हणत नाही. पण २०१७ मध्ये या इमारतीच्या रूपाचं ट्रेडमार्क घेतलं गेलं, भारतात असं पहिल्यांदाच झालं. त्यामुळे टी-शर्टवर घुमट छापून विकायचा विचार असेल तर आधी परवानगी. ट्रायपॉड लावून लॉबीत व्हिडिओ करायचा असेल तरीही आधी विचारा. मी विचारलं होतं. म्हणूनच आज तुमच्यासमोर डोंबिवलीच्या बाल्कनीत बसून बोलतेय.

आणि कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या. बिल छापल्यावर बदलून मागाल तर तुमच्या मागे एअरपोर्ट गाठायला निघालेल्यांची रांग असते. चला, भेटू पुढच्या रविवारी.