मांजर अंग चाटायचं थांबतं तेव्हा

(दृश्य: पहाट, दांडीचा किनारा)

मालवणची दांडी. रापण ओढून झाली आहे. जाळ्यात तारली आहे, थोडा बांगडा आहे. बायका मासळी निवडायला बसल्या की माडांच्या आडून मांजरं येतात. पोट भरलं की होडीच्या सावलीत बसतात आणि कामाला लागतात. आधी पंजा ओला करायचा, पंजाने तोंड पुसायचं. मग खांदा, कूस, मागचा पाय वर करून मांडी. शेपटी सगळ्यात शेवटी.

(दृश्य: जीभ, अगदी जवळून, संथ गतीत)

या जिभेवर थांबूया. तिच्यावरचे हे बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले आहेत. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक पन्हळ असते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ती दाखवून दिली. तोंडातली लाळ या पन्हळीत आपोआप भरते आणि केसांच्या पार मुळाशी पोचते. तिथे ती वाळताना कातडी थंड होते. मांजराला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकी अंगाला जवळजवळ नाहीच. मे महिन्यातल्या आपल्या उकाड्यात या जिभेचं मोल किती, ते यावरून समजावं.

(दृश्य: चिऱ्याचं घर, पडवी)

ही मनी. वय तेरा. तोंड स्वच्छ, पुढचे पंजे स्वच्छ. आता कॅमेरा मागे सरकतो तसं बघा. कमरेपासून शेपटीपर्यंत केस काथ्यासारखे पिळलेले, मधे कोंडा, एका गाठीत वाळकं कुसळ अडकलेलं.

काकी म्हणतात, "माजर म्हातारा झाला. काय करतलंस आता?"

हे वाक्य आम्ही घरोघर ऐकलं, आणि ते आम्हाला पटत नाही. नुसतं वय झालं म्हणून मांजर स्वतःला असं सोडून देत नाही. बहुतेक वेळा त्याला कुठेतरी दुखत असतं.

कुठे, ते मनीची पाठच सांगते. तोंड धुते, पंजे धुते, म्हणजे जीभ चालते. वळत नाही ती कंबर. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. पण मांजर ओरडत नाही, लंगडतंही क्वचितच. मनी पूर्वी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, थेट कौलांवर जायची. आता गडग्याखाली उभी राहते, मान वर करून अंदाज घेते आणि परत फिरते.

(दृश्य: डॉक्टर बोक्याचा ओठ उचलतात)

हा शेजारच्या वाडीतला बोका. याचं सगळंच अंग निस्तेज, पुढचे पंजे लाळेने चिकट. मासा दिसला की धावत येतो, तोंडात घेतो, मान तिरकी करतो, टाकून देतो. घरच्यांना वाटलं, नखरे करतो. दाढेजवळची ही लालभडक हिरडी बघा. असं तोंड घेऊन तो अंग कसा चाटणार?

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. मांजराला रोज निव्वळ तारली-बांगडा घातला तर ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडीखालची चरबी सुजते. मग नुसता हात फिरवला तरी दुखतं. मासा द्यावा, पण तेवढ्यावरच मांजर पोसू नये.

मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार, मधुमेह यांनीही मांजर चाटणं सोडतं; ते रक्त तपासल्यावर कळतात. लठ्ठ मांजराची जीभ पाठीपर्यंत पोचतच नाही.

(दृश्य: मशीनने गाठी काढताना)

घरी कात्री लावू नका. कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. पावसाळ्यात गाठीखाली ओल धरते, माशी बसली तर किडे पडतात. आणि माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजर त्याने मरतं.

(दृश्य: तीन आठवड्यांनंतर, संध्याकाळ)

मनीचं वजन करून डॉक्टरांनी दुखण्यावरचं औषध दिलं. गडग्याला टेकवून काकींनी एक चिरा ठेवलाय, पायरीसारखा. मनी चिऱ्यावर, चिऱ्यावरून गडग्यावर. बसते. पंजा, तोंड, खांदा, कूस. मान आणखी थोडी वळते, कमरेपर्यंत येते. त्यापुढे नाही. तेवढा भाग काकी ओल्या फडक्याने पुसतात.