हजेरी घेणारा कोण?

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, पहाटेच्या गारगोटी गाडीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे चढताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पेपर घेणारे शेकडो असले तरी कोल्हापुरातून प्रत्येकाच्या नावाची वेगळी गाडी सुटत नाही. गठ्ठा एकच निघतो. मुदाळतिट्ट्यावर रस्ते फुटतात, तिथं तोही फोडायचा: थोडे राधानगरीकडे, थोडे निपाणीकडे, उरलेले गारगोटीला. ज्या वाटेवर वर्गणीदार नाही, तिकडं काहीच पाठवायचं नाही. दवंडी मात्र सगळ्या गावाला ऐकावी लागते, ते ब्रॉडकास्ट. मल्टिकास्टचं, म्हणजे नेटवर्कवर एकच माहिती फक्त मागणाऱ्या अनेकांना पाठवण्याचं, काम या गठ्ठ्यासारखं चालतं. स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटच्या नियमपत्रात त्याचे नियम मांडले. २२४ पासून २३९ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते कुठल्याच एका मशीनचे नाहीत, ते ग्रुपचे. ज्याला हवं त्यानं नाव नोंदवावं.

आता खरी गोष्ट या नोंदणीची आहे, आणि ती मला एका कामात चांगलीच कळली. दोन सर्व्हर, त्यांवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक), त्यांत कंटेनर (आपापल्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम). कंटेनरना मशीनचंच नेटवर्क दिलेलं होतं. सुरू केले की ते एकमेकांना लगेच सापडायचे आणि थोड्या वेळानं गप्प व्हायचे. रीस्टार्ट केले की पुन्हा बोलायला लागायचे. तीन दिवस मी अ‍ॅप्लिकेशनचे लॉग वाचत होतो. शेवटी घड्याळ लावून मोजलं: चार मिनिटं वीस सेकंद, प्रत्येक वेळी. म्हणजे २६० सेकंद, आणि हा आकडा आयजीएमपीचा, म्हणजे ग्रुपमध्ये नाव नोंदवण्याच्या नियमांचा आहे.

स्विचमध्ये, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत, आयजीएमपी स्नूपिंग असतं. कुठल्या पोर्टवर कुठल्या ग्रुपचा ऐकणारा आहे, याची वही स्विच ठेवतो. पण नोंद कायमची नसते. कुणीतरी दर १२५ सेकंदांनी विचारायचं असतं, ‘कोण कोण हजर आहे?’ दोन फेऱ्या आणि वर उत्तरासाठी १० सेकंद एवढ्या वेळात आवाज आला नाही, तर नाव खोडलं जातं. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. हे काम बहुधा राउटर करतो, आणि आमच्या त्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) मल्टिकास्ट राउटरच नव्हता. वही होती, हजेरी घेणारे गुरुजी नव्हते. कंटेनरनं सुरू होताना आपणहून ‘हजर’ म्हटलं, तेवढ्यावर २६० सेकंद निघाले.

अशा वेळी बरेच जण स्नूपिंगच बंद करतात. माझा याला ठाम विरोध आहे. लगेच सगळं चालू होतं खरं, पण आता प्रत्येक पॅकेट प्रत्येक पोर्टवर, प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या दारात जाऊन पडतं. गठ्ठ्याची पुन्हा दवंडी झाली. उपाय क्वेरिअर नेमण्याचा आहे: स्विचवर, नाहीतर लिनक्स ब्रिजवर, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या सॉफ्टवेअर स्विचवर. ब्रिजची ही सेटिंग मुळात बंद असते, आणि चालू केली तरी तो ०.०.०.० या पत्त्यावरून विचारतो. काही स्विच अशा क्वेरीला दाद देत नाहीत. म्हणून ब्रिजला खरा आयपी पत्ता द्या आणि तोच वापरायला सांगा.

कंटेनरला स्वतःचं नेटवर्क दिलं की दुसरी अडचण येते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा नेहमीचा ब्रिज हे वेगळं सबनेट, म्हणजे नेटवर्कचा वेगळा तुकडा आहे. मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल (किती दूर जायचं याची मर्यादा) न सांगता १ असतो, त्यामुळे ते पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नाही. आणि पोर्ट मॅपिंगमधून, म्हणजे मशीनचं पोर्ट कंटेनरला जोडून, ग्रुपचा ट्रॅफिक आत येत नाही. मॅकव्हीलॅन वापरा, त्यात प्रत्येक कंटेनरला स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मिळतो; पण व्हर्च्युअल मशीनच्या आत वापरणार असाल तर खालचा व्हर्च्युअल स्विच अनोळखी मॅक पत्ते अडवतो. तिथं परवानगी द्यावी लागते.

ओव्हरलेमध्ये, म्हणजे एका नेटवर्कवर उभ्या केलेल्या दुसऱ्या नेटवर्कमध्ये, खर्च वाढतो. व्हीएक्सलॅन हा त्यातला एक प्रकार. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये ते आलं तेव्हा खालच्या नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट असेल असं धरलं होतं. ते नसतं तिथं पाठवणारा नोडच (नेटवर्कमधलं मशीनच) बाकीच्या प्रत्येक नोडसाठी वेगळी प्रत काढतो. ३० नोड, ५ एमबीपीएसचा व्हिडिओ: २९ प्रती, १४५ एमबीपीएस, ऐकणारे तीनच असले तरी. तिट्ट्यावर फोडायचा गठ्ठा आपण छापखान्याच्या दारातच फोडला. म्हणून अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीजसाठी सीएनआय (कंटेनरना नेटवर्क देणारा भाग) निवडताना तो ग्रुपची नोंद ठेवतो का, हे आधी विचारा.

पत्ते निवडतानाही जपा. आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ ग्रुपांना एकच मॅक मिळतो. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ स्विचच्या बऱ्याच वह्यांत एकच दिसतात. एकाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या कंटेनरपर्यंत पोचतो आणि तिथला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो फेकून देण्यात वेळ घालवतो.

जेवणानंतर लॅबमध्ये दोन मशीन मांडली आहेत. स्क्रीनवरच्या तिसऱ्या खिडकीत येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प चालू ठेवू, मी क्वेरिअर बंद करीन, आणि २६० पर्यंत मोजायला तुमच्यापैकी कुणीतरी घड्याळ घेऊन बसा.